‘फाउंड गिल्टी’ पण ‘अक्यूज्ड ऑफ’: इंग्रजी क्रियापदाच्या तिसऱ्या रूपापुढे काय येतं आणि का

प्रश्न कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या तिसऱ्या रूपापुढे, म्हणजे पास्ट पार्टिसिपलपुढे, कधी सरळ विशेषण येतं: ‘फाउंड गिल्टी’, ‘शॉट डेड’. कधी प्रेपोझिशन येतं: ‘अक्यूज्ड ऑफ थेफ्ट’, ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. यातलं काय येणार हे कशावरून ठरवायचं? ‘फाउंड’पुढे क्रियाविशेषण का चालत नाही? आणि आरोप एकाच चोरीचा असताना एकदा ‘ऑफ’ आणि एकदा ‘विथ’ का?

मी न्यायालयीन कागदपत्रांचं भाषांतर करतो आणि विधी शाखेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक त्याच प्रांतातली देतो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. तिसरं रूप स्वतःहून काहीच मागत नाही, मागणी मूळ क्रियापदाची असते. कर्तरी वाक्य घ्या: ‘द कोर्ट फाउंड हिम गिल्टी.’ यातलं कर्म, म्हणजे ‘हिम’, उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेलं की क्रियापदामागे जे उरतं ते तिथेच, जसंच्या तसं राहतं: ‘ही वॉज फाउंड गिल्टी.’ आता दुसरं वाक्य: ‘द पोलीस चार्ज्ड हिम विथ थेफ्ट.’ कर्म पुढे गेलं, ‘विथ थेफ्ट’ जागेवर राहिलं: ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट.’ तिसरं: ‘दे डिनाइड हर द राइट टु अपील.’ इथे मागे नुसतं नाम उरतं, म्हणून ‘शी वॉज डिनाइड द राइट टु अपील’. मध्ये ‘ऑफ’ नाही, ‘फ्रॉम’ही नाही. पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना शाळेत कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल घोटून घेतात, पण मागे काय उरलं याकडे कुणी बोट दाखवत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांचा उगम मला तिथेच दिसतो.

आधी विशेषणाचं बघू. याचा अर्धा उलगडा आपल्याच भाषेत आहे. ‘दरवाजा निळा रंगवला’, ‘खिडकी निळी रंगवली’, ‘कपाट निळं रंगवलं’. वस्तू बदलली तसा शब्द बदलला, म्हणजे ‘निळा’ हा वस्तूचा गुण झाला. रंगवण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध नाही. आता ‘दरवाजा नीट रंगवला’, ‘खिडकी नीट रंगवली’. ‘नीट’ हलत नाही, कारण ते क्रियेबद्दल आहे. इंग्रजीत पहिल्या जागी विशेषण येतं, ‘द डोअर वॉज पेंटेड ब्लू’, आणि दुसऱ्या जागी क्रियाविशेषण, ‘द डोअर वॉज नीटली पेंटेड’. जागाही बघा. क्रियाविशेषण बहुधा तिसऱ्या रूपाच्या अलीकडे बसतं, विशेषण नेहमी पलीकडे. ‘टाइटली शट’ आणि ‘शट टाइट’ या जोडीत तो फरक चांगला दिसतो. पहिल्यात बंद करण्याची रीत आहे, दुसऱ्यात झाकणाची नंतरची अवस्था. न्यायालय आरोपीला दोषी ठरवतं तेव्हा ‘दोषी’ हे आरोपीबद्दल असतं. ठरवण्याची क्रिया काही दोषी नसते. म्हणून ‘गिल्टी’, ‘गिल्टिली’ नाही.

ही मराठीची कसोटी बहुतेक ठिकाणी टिकते, पण ‘चांगला’ या शब्दापाशी ती फसवते. ‘सदरा चांगला शिवलाय’, ‘चोळी चांगली शिवलीय’ यात शब्द वस्तूप्रमाणे बदलतो आणि तरीही बोलतो शिवण्याच्या रीतीबद्दल. इंग्रजीत तिथे ‘वेल’च लागतं: ‘वेल स्टिच्ड’. तेवढा अपवाद लक्षात ठेवून कसोटी वापरावी.

तिसऱ्या रूपापुढे येणारी विशेषणं एकाच जातीची नसतात, आणि भाषांतरात खरी जोखीम इथेच आहे. ‘फाउंड गिल्टी’, ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’, ‘हेल्ड रिस्पॉन्सिबल’, ‘डिक्लेअर्ड इनव्हॅलिड’ ही निवाड्याची विशेषणं. कुणीतरी काही मानलं, ठरवलं किंवा जाहीर केलं, आणि काय ठरवलं ते विशेषणात आहे. ते गाळलं तर वाक्य दुसरंच काही बोलायला लागतं: ‘ही वॉज फाउंड’ म्हणजे तो सापडला, ‘ही वॉज हेल्ड’ म्हणजे त्याला पकडून ठेवलं.

‘शॉट डेड’, ‘सेट फ्री’, ‘वाइप्ड क्लीन’, ‘बीटन अनकॉन्शस’ यांत विशेषण क्रियेचा परिणाम सांगतं. ‘ही वॉज शॉट’ एवढ्यावरून माणूस जिवंत आहे की नाही हे कळत नाही. ‘ही वॉज शॉट डेड’मध्ये तो संपलेला आहे. मराठीत आपण अशा वेळी क्रिया आणि परिणाम वेगळे मांडतो: ‘गोळ्या घालून ठार केलं’, ‘बेशुद्ध होईपर्यंत मारलं’. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना विद्यार्थी ‘ही वॉज किल्ड बाय शूटिंग बुलेट्स’ असं काहीतरी लांबलचक बांधतात. दोन शब्दांत काम होतं यावर त्यांचा विश्वास बसत नाही. जबाबाच्या भाषांतरात हा ‘डेड’ सुटला तर खुनाचा प्रयत्न आणि खून यांतला फरक सुटला, इतकं त्याचं वजन आहे.

आणि ‘बरीड अलाइव्ह’, ‘बॉर्न ब्लाइंड’, ‘सर्व्ह्ड हॉट’, ‘सोल्ड लूज’, ‘रिटर्न्ड अनओपन्ड’, ‘इलेक्टेड अनअपोज्ड’ यांत विशेषण क्रिया घडतानाची अवस्था सांगतं. जिवंत पुरलं, गरम वाढलं, सुटं विकलं, न उघडता परत आलं, बिनविरोध निवडून आला. इथे विशेषण काढलं तरी वाक्य उभं राहतं, माहिती तेवढी कमी होते. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत रोज दिसणारा ‘डिक्लेअर्ड ब्रॉट डेड’ हा प्रयोग यामुळेच नीट सोडवून बघण्यासारखा आहे. ‘डेड’ ही आणलं तेव्हाची अवस्था, म्हणून ते ‘ब्रॉट’ला चिकटलंय. ‘ब्रॉट डेड’ हा अख्खा गट डॉक्टरांनी जाहीर केलेला निष्कर्ष, म्हणून तो ‘डिक्लेअर्ड’ला. हा प्रयोग भारतीय उपखंडातल्या इंग्रजीचा. इंग्लंड-अमेरिकेत त्याच अर्थी ‘डेड ऑन अरायव्हल’ म्हणतात. मी तो चुकीचा मानत नाही. बांधणी इंग्रजीच्या नियमातलीच आहे आणि वैद्यकीय-कायदेशीर अर्थ नेमका आहे: मृत्यू रुग्णालयात पोचण्याआधी झालेला.

निवाड्याच्या विशेषणांपुढे आपल्याकडे एक ‘अ‍ॅज’ शिरतो: ‘डिक्लेअर्ड अ‍ॅज इनव्हॅलिड’, ‘फाउंड अ‍ॅज गिल्टी’. तो येतो मराठीतल्या ‘म्हणून’मधून: ‘अवैध म्हणून जाहीर केलं’. पुन्हा कर्तरी वाक्याकडे जा. ‘द कोर्ट डिक्लेअर्ड द विल इनव्हॅलिड’ यात ‘अ‍ॅज’ नव्हता, मग पॅसिव्हमध्ये तो कुठून येणार? उलट ‘रिगार्ड’, ‘ट्रीट’, ‘डिस्क्राइब’ या क्रियापदांना तो हवाच असतो. त्यामुळे ‘ट्रीटेड अ‍ॅज कॉन्फिडेन्शियल’ बरोबर आणि ‘ट्रीटेड कॉन्फिडेन्शियल’ चूक.

विशेषणाला स्वतःचंही एखादं प्रेपोझिशन असू शकतं आणि तिथे मुलं गोंधळतात. ‘ही वॉज फाउंड गिल्टी ऑफ थेफ्ट बाय द सेशन्स कोर्ट.’ यातला ‘ऑफ’ ‘फाउंड’चा नाही, ‘गिल्टी’चा आहे. ‘हेल्ड रिस्पॉन्सिबल फॉर द लॉस’मधला ‘फॉर’ ‘रिस्पॉन्सिबल’चा. ‘बाय द सेशन्स कोर्ट’ मात्र ‘फाउंड’चा. क्रम सहसा असाच असतो: तिसरं रूप, त्याला लागून विशेषण, विशेषणाचं प्रेपोझिशन, आणि मग कोणी, कुठे, केव्हा. ‘फाउंड बाय द कोर्ट गिल्टी ऑफ थेफ्ट’ असा क्रम जुन्या निकालपत्रांत कधीतरी भेटतो, पण आपण लिहिताना तो टाळावा.

आता एकच वाक्य देतो ज्यात हे जवळजवळ सगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं ११वं कलम असं सुरू होतं: ‘एव्हरीवन चार्ज्ड विथ अ पीनल ऑफेन्स हॅज द राइट टु बी प्रिझ्यूम्ड इनोसंट अंटिल प्रूव्ड गिल्टी अकॉर्डिंग टु लॉ’. तिसरी रूपं तीन. ‘चार्ज्ड’पुढे प्रेपोझिशन, ‘प्रिझ्यूम्ड’पुढे विशेषण, ‘प्रूव्ड’पुढे विशेषण. प्रत्येकाचं कर्तरी वाक्य करून बघा: कुणीतरी त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवतं, कायदा त्याला निर्दोष मानतो, सरकारपक्ष त्याला दोषी सिद्ध करतो. मागे काय उरतं ते लगेच दिसेल. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल इन डिग्निटी अँड राइट्स’ आहे, अवस्थेच्या विशेषणाचं नमुनेदार उदाहरण. त्या वाक्याच्या सुरुवातीला ‘ऑल मेन’ऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असावं असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. हे वाक्य शिकवताना मी त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

११व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. ‘चार्ज्ड’ हे ‘एव्हरीवन’च्या मागून आलंय. मराठीत असा सगळा मजकूर नामाच्या आधी येतो: ‘दंडनीय अपराधाचा आरोप असलेली प्रत्येक व्यक्ती’. इंग्रजीत एकटं तिसरं रूप नामाआधी चालतं, ‘द अरेस्टेड मॅन’. पण त्याला पुढे काही जोडलं की ते नामामागे जातं: ‘द मॅन अरेस्टेड फॉर थेफ्ट’. ‘अ‍ॅन अक्यूज्ड ऑफ थेफ्ट पर्सन’ असं कुणीच लिहीत नाही. इथे प्रेपोझिशनचा वाचकालाही उपयोग आहे. ‘द वुमन अक्यूज्ड ऑफ थेफ्ट डिनाइड इट’ हे वाक्य वाचताना ‘अक्यूज्ड’ला मुख्य क्रियापद समजून पुष्कळ जण अडखळतात, मग ‘डिनाइड’ कुठे बसवावं ते कळत नाही. ‘तिने आरोप केला’ असं म्हणायचं असतं तर ‘अक्यूज्ड’पुढे कुणावर ते आलं असतं. तिथे सरळ ‘ऑफ’ आला म्हणजे कर्म आधीच पुढे गेलंय, आरोप तिच्यावर आहे. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यांत एवढी एक खूण ओळखली तर बरीच वाक्यं सुटतात.

‘ऑफ’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘टु’ यांच्या निवडीसाठी भारतीय राज्यघटनेच्या २० ते २२ या तीन कलमांइतका चांगला पाठ मला दुसरा सापडलेला नाही. विसाव्यात ‘कन्व्हिक्टेड ऑफ एनी ऑफेन्स’, ‘पनिश्ड फॉर द सेम ऑफेन्स’ आणि ‘अक्यूज्ड ऑफ एनी ऑफेन्स’. एकविसाव्यात ‘डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी’. बाविसाव्यात ‘इन्फॉर्म्ड ऑफ द ग्राउंड्स’. ‘ऑफ’ घेणाऱ्या या क्रियापदांचे दोन गट पडतात. एक आरोप करणारी किंवा कळवणारी: अक्यूज, कन्व्हिक्ट, सस्पेक्ट, इन्फॉर्म, रिमाइंड. दुसरी काढून घेणारी किंवा मोकळं करणारी: डिप्राइव्ह, रॉब, क्युअर, अ‍ॅक्विट. ‘विथ’ येतो देणाऱ्या, भरणाऱ्या, सोपवणाऱ्या क्रियापदांना: प्रोव्हाइड, फिल, एन्ट्रस्ट. ‘चार्ज’ या गटात कसा, तर त्याचा जुना अर्थच ओझं लादणं असा आहे. आरोप लादला म्हणून ‘विथ’, आणि तुमच्या ‘ऑफ’-‘विथ’च्या कोड्याचं उत्तर हेच. ‘फॉर’ कारण सांगतो: पनिश्ड फॉर, अरेस्टेड फॉर, फाइन्ड फॉर. ‘टु’ शेवट किंवा मुक्काम सांगतो: सेन्टेन्स्ड टु, कन्फाइन्ड टु, ट्रान्सफर्ड टु. हे गट नियम म्हणून पाठ करू नका, नव्या क्रियापदाचा अंदाज बांधण्यापुरते वापरा. खात्री शब्दकोशातच करायची, आणि वहीत ‘अक्यूज्ड ऑफ’ असं तोडून न लिहिता ‘अक्यूज समबडी ऑफ समथिंग’ असं पूर्ण लिहायचं.

एकविसाव्या कलमापाशी जरा थांबतो. आपण ‘हक्कापासून वंचित’ म्हणतो, म्हणून मराठी विद्यार्थ्याच्या हातून ‘डिप्राइव्ड फ्रॉम’ हटकून जातं. पण १७९१ साली मंजूर झालेली अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती, १९४६ साली जाहीर झालेल्या जपानी घटनेच्या ३१व्या कलमाचा इंग्रजी पाठ आणि आपलं २१वं कलम, तिन्हींत ‘डिप्राइव्ड ऑफ’च आहे. फरक पडतो तो पुढे. अमेरिकेत ‘विदाउट ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’, जपानी आणि भारतीय घटनेत ‘प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’. ‘एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’ हे नामामागे जोडलेलं तिसरं रूप आहे आणि ते ‘प्रोसीजर’चा अर्थ आवळतं: कुठलीही कार्यपद्धती नाही, कायद्याने घालून दिलेली. ती किती आवळायची यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला. १९५० साली ए. के. गोपालन खटल्यात न्यायालयाने ‘लॉ’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा असा अर्थ घेतला. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवीही असली पाहिजे असं सांगितलं. तीन शब्दांच्या एका पदबंधावर माणसाचं स्वातंत्र्य किती सुरक्षित आहे ते ठरत होतं. व्याकरण म्हणजे परीक्षेपुरती कटकट असं मुलं म्हणतात तेव्हा मी त्यांना हे दोन निकाल वाचायला लावतो.

मराठीच्या ‘ने’चं वेगळं बोलायला हवं. ‘वाघाने मारलं’, ‘चाकूने मारलं’, ‘टाकी पाण्याने भरली’ या तिन्हींत आपला एकच प्रत्यय. इंग्रजीत पहिला ‘बाय’, बाकीचे दोन ‘विथ’: ‘किल्ड बाय अ टायगर’, ‘किल्ड विथ अ नाइफ’, ‘फिल्ड विथ वॉटर’. इथेही कर्तरी वाक्य केलं की उत्तर मिळतं. वाघ कर्ता होता, तो ‘बाय’ घेऊन मागे आला. चाकू कर्ता नव्हताच, त्याचा ‘विथ’ आधीपासून होता. ‘कव्हर्ड विथ डस्ट’ म्हणजे धुळीने माखलेलं आणि ‘कव्हर्ड बाय द पॉलिसी’ म्हणजे विम्याचं संरक्षण असलेलं. पॉलिसी संरक्षण देते, ती कर्ता. पण प्रत्येक ‘बाय’ कर्त्याचा असतो असंही धरून चालू नका. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५४व्या कलमात फाशीच्या शिक्षेचे शब्द आहेत ‘हँग्ड बाय द नेक टिल ही इज डेड’. मान काही फाशी देत नाही. तो ‘बाय’ देहाला कुठे धरलं ते सांगतो, ‘हेल्ड बाय द हँड’मधल्यासारखा. त्या संहितेची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तरी जुन्या निकालपत्रांत हे शब्द तुम्हाला भेटत राहतील.

आता जिथे कर्तरी वाक्याकडे जाऊन उपयोग होत नाही ती ठिकाणं. काही तिसरी रूपं वापरून वापरून पक्की विशेषणं झाली आहेत. त्यांच्याआधी ‘व्हेरी’ लागतो आणि प्रेपोझिशन त्यांचं स्वतःचं असतं: इंटरेस्टेड इन, वरीड अबाउट, सॅटिस्फाइड विथ. ही एकेक करून शिकावी लागतात. ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलेला, ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे दमलेला. साहेबांना ‘आय अ‍ॅम टायर्ड ऑफ वर्क’ असं लिहून पाठवणाऱ्याला बहुधा दुसरं म्हणायचं असतं. ‘मॅरीड’ला ‘व्हेरी’ लागत नाही, पण प्रेपोझिशन त्याचंही ठरलेलं: ‘टु’. ‘तिच्याशी लग्न झालं’ यातल्या ‘शी’मुळे आपल्याकडे ‘मॅरीड विथ हर’ येतं, आणि वैवाहिक दाव्यांच्या मसुद्यांत मी ते सतत दुरुस्त करतो.

‘कन्सर्न्ड’चा तर जागेवरूनच अर्थ बदलतो. ‘कन्सर्न्ड अबाउट’ म्हणजे काळजीत, ‘कन्सर्न्ड विथ’ म्हणजे विषयाशी संबंधित. नामाआधी आला तर सर्वसाधारण इंग्रजीत काळजीत पडलेला, नामामागे आला तर संबंधित. सरकारी पत्रांतला ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ आपल्याला ‘संबंधित अधिकारी’ म्हणून कळतो, भारतभर कळतो. पण पत्र परदेशी वकिलाकडे जाणार असेल तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहा. तिकडच्या वाचकाला पहिल्या प्रयोगात चिंतेत पडलेला अधिकारी दिसू शकतो.

सरावासाठी बाविसाव्या कलमाचं पहिलं उपकलम घ्या. अटक झालेल्या कुणालाही कोठडीत ठेवता येणार नाही, पुढचे शब्द असे: ‘विदाउट बीइंग इन्फॉर्म्ड, अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी, ऑफ द ग्राउंड्स फॉर सच अरेस्ट’. ‘इन्फॉर्म्ड’ आणि त्याचा ‘ऑफ’ यांच्यामध्ये स्वल्पविरामांत एक तुकडा घुसलाय. कायद्याचं इंग्रजी हे वारंवार करतं. त्याच वाक्यात पुढे ‘बी डिनाइड द राइट टु कन्सल्ट, अँड टु बी डिफेन्डेड बाय, अ लीगल प्रॅक्टिशनर’ आहे. ‘डिनाइड’पुढे नुसतं नाम, आणि ‘बाय’नंतर स्वल्पविराम, कारण तो वकील ‘कन्सल्ट’ आणि ‘डिफेन्डेड बाय’ या दोघांचाही आहे. पेन्सिल घेऊन प्रत्येक तिसऱ्या रूपापासून त्याच्या मालकीच्या शब्दापर्यंत एक रेघ ओढा, मधले तुकडे ओलांडून. मग प्रत्येक रेघेचं कर्तरी वाक्य शेजारी मराठीत लिहा. ‘डिटेन्ड इन कस्टडी’पासून सुरुवात करा, ती सगळ्यात सोपी आहे.